पाटी कापणारा लेसर आणि सिकलसेलची चिठ्ठी

राजापेठ चौकातून कोणत्याही बाजूला चालत निघा, रेडियम आणि फ्लेक्सच्या दुकानांबाहेर अ‍ॅक्रिलिकच्या चकचकीत पाट्या टांगलेल्या दिसतील. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणाच्या नव्या घराचे नाव. एप्रिल महिना आला की याच दुकानांत जयंतीच्या स्मृतिचिन्हांची रात्रपाळी सुरू होते. दुकानाच्या आतल्या अंगाला झाकणाची एक मोठी पेटी असते. आत पंखा घरघरत असतो आणि झाकणाच्या काचेतून ठिणगीएवढा उजेड अक्षरांवरून फिरताना दिसतो. हे लेसर कटिंगचे यंत्र. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले अशा यंत्रांवर कामाला आहेत.

वाचकहो, आज या यंत्राबद्दल लिहायला बसलो आहोत, त्याला कारण आहे. याच प्रकारच्या यंत्राने अ‍ॅक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक नाल्या कोरून रक्ताची, पाण्याची, औषधांची रासायनिक तपासणी करणाऱ्या लहान चिपा तयार करता येतात. अशा चिपांपैकी एक आपल्या विदर्भातल्या हजारो घरांच्या दुखण्याशी जोडलेली आहे. ते दुखणे म्हणजे सिकलसेल.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. या पेटीतला लेसर कार्बन डायऑक्साइड वायूपासून निघतो. आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच हा वायू. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये ज्यांनी शोधला, त्यांचे नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. त्यांचा जन्म १९३८ साली आपल्या महाराष्ट्रातल्या बारामतीला झाला आणि १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते इंजिनिअर झाले. पुढे स्टॅनफर्डला जाऊन त्यांनी पीएच.डी. केली. १९९६ साली अमेरिकेने त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले. आज जगभरातल्या कारखान्यांत या लेसरने कापड, लाकूड, चामडे, प्लास्टिक कापले जाते. बारामतीला जन्मलेल्या माणसाचा शोध राजापेठच्या गल्लीत पाट्या कापतो आहे, हे दुकानात काम करणाऱ्या पोरांना कोणी सांगितलेले नसते.

आता हा किरण कापतो कसा ते पाहू. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तो उष्णतेच्या किरणांत मोडतो. काचेत दिसणारी ठिणगी ही तापलेल्या अ‍ॅक्रिलिकची असते. साधा उजेड अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो, पण हा किरण अ‍ॅक्रिलिक वरच्या वरच शोषून घेते. किरण पडला ती जागा क्षणात इतकी तापते की प्लास्टिक मऊ पडते, तुटते आणि त्याची वाफ होऊन उडून जाते. दुकानात जो गोडसर उग्र वास येतो तो या वाफेचा. दातांची कवळी बनवणाऱ्याकडे येतो तोच वास, कारण कवळीही त्याच पदार्थाची असते.

किरणाचा जोर जास्त आणि वेग कमी ठेवला तर पत्रा आरपार कापला जातो. जोर कमी आणि वेग जास्त ठेवला तर नुसता चर पडतो. हा चर तळाशी निमुळता, शेताच्या बांधाजवळच्या घळीसारखा असतो. त्यावरून किरण पुन्हा फिरवला की तो आणखी खोल होतो. चर पाडला, वरून दुसरा पत्रा घट्ट बसवला की चराची झाली बंद नाली. पत्रे चिकटवायला उष्णता आणि दाब वापरतात, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप. फोटोफ्रेम करणाऱ्याला हे काम नवे वाटणार नाही.

आम्ही बी.कॉम. शिकलेले, कारकुनी करणारे. विज्ञानातले फार कळत नसले तरी हिशेब आमच्या हातचा आहे. पाच सेंटीमीटर लांब, ०.२ मिलिमीटर रुंद आणि तेवढाच खोल असा चर घेतला तर ५० गुणिले ०.२ गुणिले ०.२, म्हणजे २ घन मिलिमीटर जागा होते. चर निमुळता असल्याने निम्मी धरा, म्हणजे १. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब बसतात, तेव्हा एक थेंब झाला ५० घन मिलिमीटरचा. याचा अर्थ, एका थेंबात अशा पन्नास नाल्या भरतील. तान्ह्या लेकराच्या दंडातून नळीभर रक्त काढताना ज्या आईने पदर डोळ्याला लावला आहे, तिला या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

रक्त कमी लागते, रसायन कमी लागते आणि अंतर कमी असल्याने वेळही कमी लागतो. एवढ्या तीन गोष्टींसाठी प्रयोगशाळा लहान करण्याचा खटाटोप चालू आहे. १९९० साली स्वित्झर्लंडमध्ये आंद्रियास मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खी रासायनिक तपासणी एका लहान चिपवर आणायची कल्पना नीट मांडली. सुरुवातीला अशा चिपा काचेच्या आणि सिलिकॉनच्या असत. त्या घडवायला धूळमुक्त खोल्या आणि महागडी यंत्रे लागत. पुढे प्लास्टिक आले. १९९७ साली लोझानच्या संशोधकांनी अतिनील लेसरने प्लास्टिकमध्ये नाल्या कोरून दाखवल्या. अतिनील लेसरने प्लास्टिक फार सफाईने कोरले जाते, हे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्यांनी दाखवून दिले त्यांत अमेरिकेतील आयबीएमचे आर. श्रीनिवासन हे भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आघाडीवर होते. पण तो लेसर महागाचा. २००२ साली डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात साध्या कार्बन डायऑक्साइड लेसरने अ‍ॅक्रिलिकमध्ये नाल्या कोरून, पत्रे जोडून, थोड्या वेळात चिप तयार करण्याची रीत दिली होती. तिथपासून पाट्या कापणाऱ्या यंत्राच्या घराण्यातला लेसर प्रयोगशाळेच्या कामाला लागला.

आता सिकलसेलकडे येऊ.

रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. आई आणि बाप दोघांकडून हा बदल आला तर मूल रुग्ण होते. त्याला ‘एसएस’ म्हणतात. एकाकडूनच आला तर ते नुसते वाहक, ‘एएस’. वाहक माणूस एरवी तुमच्याआमच्यासारखाच कामधंदा करतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक निर्दोष मुलाची. ‘प्रत्येक बाळंतपणाला’ हे शब्द पुन्हा वाचावेत. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. म्हणजे विदर्भात हा आजार आहे, ही गोष्ट छापून येऊन साठ वर्षांवर काळ लोटला. आदिवासी समाजात तो आहे, तसा आपल्या समाजातही आहे. त्याला कोणाचे पाप कारण नाही, रक्त ‘नासल्याचा’ही काही संबंध नाही. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकून राहिला. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले.

मग अडते कुठे? अडते चिठ्ठीवर.

आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलीची सोयरीक ठरली होती. मुलगी डी.एड., मुलगा एका कंपनीत कामाला. साखरपुड्याची तारीख निघाली आणि त्याच आठवड्यात मुलीने एका शिबिरात रक्त तपासून घेतले. चिठ्ठीवर एकच शब्द आला, ‘पॉझिटिव्ह’. ती पहिली चाचणी होती. त्या चाचणीत रक्त गढूळ झाले की बदललेले हिमोग्लोबिन आहे, एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. ते ठरवायला दुसरी तपासणी लागते. ती करायला नमुना दुसऱ्या गावी गेला आणि अहवाल यायला कित्येक आठवडे लागले. तोवर मुलाकडच्यांचा निरोप आला. मुलीची आई आम्हांला म्हणाली, “भाऊ, माही पोरगी कवा एक दिवस बिमार नाही पडली. त्या एका शबदानं सोयरीक मोडली.”

पुढे अहवाल आला. मुलगी वाहक होती, रुग्ण नव्हती. मुलाने तर रक्त तपासलेच नव्हते. तो निर्दोष निघाला असता तर त्या दोघांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. तो वाहक निघाला असता तर दोन्ही घरांनी समजूनउमजून निर्णय घेतला असता. दोघांचे रक्त तपासल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसते, तरी शिक्का मात्र मुलीवर बसला.

ही दुसरी तपासणी म्हणजे काय? १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की साधे हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन यांच्यावरचा विद्युतभार वेगवेगळा असतो. वीज लावली की दोन्ही धावतात, पण एक पुढे जाते, दुसरे मागे रेंगाळते. धावून झाल्यावर दोन पट्टे दिसले तर माणूस वाहक. साध्या हिमोग्लोबिनचा पट्टा नाही, सिकलचाच आहे, तर रुग्ण. पॉलिंग यांचे यंत्र खोलीत मावेल एवढे होते. पुढे रुग्णालयांत त्यासाठी लहान यंत्रे आली आणि आज मोठ्या प्रयोगशाळांत एचपीएलसी नावाचे महागडे यंत्र हे काम करते. पण ते यंत्र शहरात आणि रक्त खेड्यात, ही अडचण राहिलीच.

ही अडचण ज्यांनी हाती घेतली, त्यांत अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे उमुत गुरकान आणि त्यांचे सहकारी आहेत. त्यांनी आधी अ‍ॅक्रिलिकचे पत्रे लेसरने कापले, ५० मायक्रोमीटर जाडीची दुहेरी चिकट टेप लेसरनेच कापून तिच्यात नाल्या पाडल्या आणि टेप दोन पत्र्यांमध्ये बसवली. टेपची जाडी तीच नालीची उंची. त्या नालीतून सिकलसेल रुग्णाचे रक्त वाहू दिले आणि किती पेशी भिंतीला चिकटतात ते मोजले. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. याच रीतीने त्यांनी ‘हीमचिप’ तयार केली. प्लास्टिकच्या लहान चिपमध्ये खास कागदाची पट्टी, दोन टोकांना वीज आणि बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त. पॉलिंग यांनी खोलीभर यंत्रात धाववलेले हिमोग्लोबिन आता त्या कागदावर धावते आणि सुमारे दहा मिनिटांत पट्टे दिसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अमेरिका, आफ्रिका, आग्नेय आशिया यांच्याबरोबर मध्य भारतातही या चिपची चाचणी झाल्याची नोंद आहे. तिच्यावरून ‘गॅझेल’ नावाचे बॅटरीवर चालणारे यंत्र निघाले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी ते तपासून २०२१ साली निष्कर्ष छापले. मोठ्या यंत्राच्या निकालांशी ते चांगले जुळले.

आठवड्यांची चिठ्ठी दहा मिनिटांवर येते, याचा अर्थ काय होतो? शिबिरात आलेली पोरगी ‘पॉझिटिव्ह’ हा अर्धवट शब्द घेऊन घरी जात नाही. ती वाहक आहे की रुग्ण, हे ऐकून, समुपदेशकाशी बोलून घरी जाते.

आमच्या शेजारच्या ताईंचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि राजापेठच्या एका दुकानात लेसर यंत्रावर लागला. ताईंचे दुःख एकच. “बी.एस्सी. शिकून पाट्या कापून रायला माहा पोरगा.” त्याला हा सारा मजकूर सांगितला तेव्हा तो म्हणाला, “काका, मशीनले काय मालूम पाटी कायची न् चिप कायची? ते त फक्त रेघ पाह्यते.” पुढच्या रविवारी तो अभ्यासिकेत अ‍ॅक्रिलिकचा टाकाऊ तुकडा घेऊन आला. त्यावर कोरल ड्रॉमध्ये काढलेला वाय अक्षराच्या आकाराचा चर कोरलेला होता. वर टेप लावून आणि दोन सुया जोडून एका फाट्यात लाल शाई, दुसऱ्यात निळी शाई सोडली. पहिल्या दोन वेळा शाई टेपखालून झिरपली. तिसऱ्यांदा टेप नीट बसली आणि दोन्ही शाया शेजारी शेजारी, एकमेकींत न मिसळता पुढे गेल्या. पोरे डोळे फाडून पाहत होती. एवढ्या बारीक नालीत पाणी भोवरे न करता शांत वाहते, म्हणून रंग लगेच मिसळत नाहीत. मिसळायचेच असतील तर नालीला वळणे द्यावी लागतात. हे त्याने मुलांना फळ्यावर काढून समजावले. त्या दिवशी ताईही मागे येऊन उभ्या होत्या.

यावरून आपल्या गल्लीत सिकलसेलची चिप निघेल, असा कोणी अर्थ काढू नये. नाली कोरणे हा कामाचा पहिला भाग झाला. लेसरचा चर कडेला किंचित फुगतो आणि आतून खडबडीत राहतो. प्लास्टिकमध्ये ताण राहून पुढे त्याला तडे जातात, म्हणून ते हलके तापवून सैल करावे लागते. रसायने शुद्ध लागतात आणि ज्यांचे निदान आधीच पक्के आहे अशा शेकडो माणसांच्या रक्तावर निकाल पडताळावा लागतो. चुकीची चिठ्ठी देणाऱ्या चिपपेक्षा चिप नसलेली बरी. शिवाय लाखोंनी चिपा काढायच्या असतील तर लेसर परवडत नाही, तिथे साचा लागतो. हीमचिपसुद्धा पुढे साच्यातूनच निघू लागली. जुन्या लोकांना सायक्लोस्टाइल आठवत असेल. सभेचे पत्रक आज लिहिले, रात्री काढले, सकाळी वाटले. दहा हजार प्रती हव्या असल्या की छापखान्यात जायचे. लेसर हे चिपचे सायक्लोस्टाइल आहे. सकाळी आकृती काढा, दुपारी कापा, चुकली तर संध्याकाळी बदला. म्हणूनच तो शिकणाऱ्याच्या आणि शोधणाऱ्याच्या कामाचा.

अशा यंत्रावर काम करणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली जिवाची. रेक्झिन, फ्लेक्स, पीव्हीसी यांवर लेसर कधीही चालवू नका, मालकाने किंवा गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. त्यातून निघणारा वायू ओल मिळताच आम्ल होतो. तो फुफ्फुसही जाळतो आणि यंत्रही. धूर ओढणारा पंखा बंद ठेवून काम करू नका. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवू नका. हा किरण दिसत नाही, पण डोळा कायमचा अधू करतो. दुसरी गोष्ट शिक्षणाची. तुमच्या हातात जे कसब आहे, कोणत्या जोराला आणि कोणत्या वेगाला किती खोल चर पडतो याचा जो अंदाज आहे, तो संशोधन करणाऱ्या मुलांना प्रयोगशाळेत जाऊन शिकावा लागतो. त्याला रसायनशास्त्राची, जीवशास्त्राची जोड द्या. एम.एस्सी.चे, डिप्लोमाचे फॉर्म भरताना ‘दुकानात काम केले’ हे लपवू नका, ठळक लिहा.

आणि घरच्या मोठ्या माणसांना सांगणे असे. लग्न ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांची सिकलसेल तपासणी करा, एकट्या मुलीची नको. चिठ्ठीवर नुसते ‘पॉझिटिव्ह’ असेल तर तिथेच विचारा, “एएस की एसएस? दुसरी तपासणी कधी?” अलीकडच्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर तपासणाऱ्याला सांगा, कारण चढवलेल्या रक्तामुळे निकाल फसवा येतो. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्याची तपासणी केव्हा आणि कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय अभियानाने ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. त्याचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो असायलाच हवा. पण आपल्या वस्त्यांतही हा आजार आहे, तेव्हा शिबीर आपल्याकडेही भरावे म्हणून महिला मंडळांनी, युवक मंडळांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. अर्जाचा मसुदा लागला तर आमच्यासारखे कारकून प्रत्येक वस्तीत एखादा तरी सापडेल. अर्जात एक ओळ आवर्जून घाला: वाहक की रुग्ण हे सांगणारी तपासणी त्याच दिवशी, त्याच जागी व्हावी. तसे यंत्र आता जगात आहे, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही.